कुड्याच्या लाकडातलं बोइंग

२० डिसेंबर १९७८ची संध्याकाळ. इंदिरा गांधींची लोकसभेतून हकालपट्टी होऊन त्यांची तुरुंगात रवानगी झाली, त्याला जेमतेम एक दिवस उलटला होता. कलकत्त्याहून लखनौमार्गे दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ४१० क्रमांकाचं विमान पालमच्या जवळ आलं असताना दोन तरुण जागेवरून उठून कॉकपिटकडे गेले. भोलानाथ पांडे आणि देवेंद्रनाथ पांडे. इंदिराजींना सोडा, संजय गांधींवरचे खटले मागे घ्या, ही त्यांची मागणी. विमान नेपाळला न्या म्हणाले, मग बांगलादेशला. तेवढं इंधन नव्हतं. शेवटी ते वाराणसीला, बाबतपूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि सव्वाशेच्या वर प्रवाशांची रात्र तिथे गेली. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री रामनरेश यादव यांना बोलणी करावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे शरण आले तेव्हा कळलं, की त्यांच्याकडची पिस्तुलं खेळण्यातली होती आणि हातबॉम्ब म्हणून दाखवला तो क्रिकेटचा चेंडू होता. पुढे काँग्रेसने दोघांना विधानसभेची उमेदवारी दिली आणि दोघेही आमदार झाले.

राजकारणाच्या इतिहासात ही घटना एका परिच्छेदात संपते. मला तिच्यात विमान दिसतं. बोइंग ७३७-२००. आखूड, गुबगुबीत, पंखाखाली चिरुटासारखी लांबट इंजिनं असलेलं. पांढरं अंग आणि नारिंगी शेपूट. शेपटीवरचं बोधचिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९७३च्या सुमारास घडलेलं. बनारसला या विमानाची ओळख अपहरणाच्या आधीपासून होती आणि नंतरही कित्येक वर्षं राहिली. दिल्ली–आग्रा–खजुराहो–वाराणसी हा इंडियन एअरलाइन्सचा पर्यटकांचा ठरलेला मार्ग. ताज, मंदिरं आणि घाट एका तिकिटावर पाहणारे परदेशी पाहुणे याच विमानांतून उतरायचे. आपली मराठी माणसं तेव्हा महानगरी नाही तर काशी एक्स्प्रेसने जात. दुर्गाघाट, ब्रह्मघाटाच्या मराठी वस्तीत उतरायचं, श्राद्धविधी उरकायचे, गंगेचा गडू सील करून घ्यायचा आणि परतीची गाडी धरायची. विमान हे डोक्यावरून जाणारं काहीतरी होतं.

आज त्या जातीचं विमान पाहायचं असेल तर कुठे जायचं? प्रवासी जेट विमानांच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांच्या कपाटाकडे. हा छंद भारतात अजून लहान मुलांच्या खेळण्यांच्या रांगेत ढकलला जातो. जगातल्या जमवणाऱ्यांना मात्र तो नोंदवहीइतकी शिस्त लावतो. प्रत्येक प्रतिकृती एका ठरावीक मापाची असते. १:४०० म्हणजे खऱ्या विमानाच्या चारशेव्या हिश्शाची. साडेतीस मीटरचं ७३७-२०० या मापात साडेसात सेंटिमीटरचं होतं आणि त्याच्या शेजारी उभा केलेला माणूस चार मिलिमीटरचा. १:२००मध्ये तेच विमान याच्या दुप्पट भरतं. जर्मनीच्या हर्पाने १:५०० हे माप रुजवलं, अमेरिकेच्या जेमिनी जेट्सने १:४००. स्वतः जोडून रंगवायच्या प्लास्टिकच्या संचांचं माप १:१४४. एकदा एक माप धरलं की जमवणारा सहसा ते सोडत नाही, कारण दोन विमानं शेजारी ठेवल्यावर त्यांच्यातलं लहानमोठेपण खरं दिसायला हवं. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण महादरवाज्याहून उंच मावळा उभा करतो आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही. विमानं जमवणाऱ्याला नेमकं तेच खटकतं.

या बारकाईची परीक्षा पाहायची असेल तर एअर इंडियाचं ७४७ घ्यावं. १९७१मध्ये पहिलं जंबो आलं तेव्हा एअर इंडियाने त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोक्याची कमान रंगवली आणि जाहिरातीत त्याला आकाशातला महाल म्हटलं. १:४००च्या प्रतिकृतीत एक खिडकी जेमतेम पाऊण मिलिमीटर उंच. तिच्याभोवती कमान. अशा दोन्ही अंगांना रांगाच्या रांगा. हे काम कुंचल्याचं नव्हे. कोरलेल्या पत्र्यावरची शाई सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलायची आणि विमानाच्या गोल अंगावर दाबायची, असं ते पॅड प्रिंटिंग. एका विमानाला असे कितीतरी ठसे, प्रत्येक रंगाचा वेगळा. ठसा केसभर सरकला तर कमान एकीकडे आणि खिडकी दुसरीकडे. पत्र्यांच्या सांध्यांचंही तसंच. खऱ्या विमानावरची एका सेंटिमीटरची फट चारशेव्या हिश्शाने अडीच शतांश मिलिमीटर होते, म्हणजे दिसूच नये. कारखान्यांनी ती खोल कोरली की जाणकार चिडतात. त्यांचं चिडणं मला पटतं. जे दिसत नाही ते दाखवलं तर विमान चिलखत घातल्यासारखं दिसतं.

त्या पहिल्या जंबोचं नाव होतं ‘एम्परर अशोक’. एअर इंडियाने ७०७ विमानांना हिमशिखरांची नावं दिली होती, पहिल्या जंबोंना सम्राटांची. बनारसहून सारनाथ दहाएक किलोमीटरवर. तिथल्या संग्रहालयात अशोकाचं ते चार सिंहांचं स्तंभशीर्ष आहे. १९०४-०५च्या हिवाळ्यात एफ. ओ. ओर्टेल यांच्या उत्खननात ते सापडलं. त्याची लहान झालेली आकृती आपल्या प्रत्येक नोटेवर, प्रत्येक पासपोर्टवर आहे. त्या सम्राटाचं नाव घेतलेलं विमान १ जानेवारी १९७८च्या रात्री मुंबईहून दुबईकडे झेपावलं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले, एकही वाचला नाही. कॅप्टनसमोरचं, विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं आणि बाहेर काळोख्या समुद्रावर क्षितिजाची रेघ नव्हती. पाण्यातले तुकडे तपासासाठी काढले गेले, चौकशी झाली, फायली बंद झाल्या. वर्षाच्या पहिल्या दिवशी अशोक बुडालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाबतपूरला ते ७३७ रात्रभर उभं राहिलं.

अपघातात गेलेल्या विमानाची प्रतिकृती घरात ठेवावी का, यावर जमवणाऱ्यांत दोन तट आहेत. काहींना ते अशुभ वाटतं, काहींना असभ्य. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे. १९६६च्या २४ जानेवारीला ‘कांचनजंगा’ हे ७०७ माँ ब्लाँवर आदळलं, त्यात होमी भाभांसह ११७ जण होते. त्याआधी १९५०मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन त्याच डोंगरावर संपलं होतं. तिथली हिमनदी अजून अवशेष बाहेर टाकते. २०२०मध्ये बर्फातून निघालेल्या भारतीय वर्तमानपत्रांवर इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातम्या वाचता येत होत्या. ज्या विमानाचं आपल्याकडे काहीच उरलं नाही त्याचा निदान आकार, नाव आणि नोंदणीचं अक्षर कुठेतरी नीट जपलेलं असावं, यात मला अनादर दिसत नाही.

जी विमानं सुखरूप निवृत्त झाली त्यांचं तरी काय झालं? एअर इंडियाच्या शेवटच्या जंबोंपैकी एक, ‘आग्रा’ नावाचं, २२ एप्रिल २०२४ला मुंबईहून अमेरिकेकडे उडालं ते सुटे भाग होण्यासाठी. उडताना वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप घेतला. ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. त्याहून बोलकी गोष्ट कलकत्त्याची. १९८२मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे आलेलं एक ७३७-२००, पुढे टपाल खात्याच्या मालवाहतुकीला लागलेलं, २०१२ला तिथल्या विमानतळावर थांबलं. कंपन्यांचं विलीनीकरण झालं, मालकी बदलली, आणि आपलं असं एक विमान तिथे उभं आहे हेच कागदोपत्री विसरलं गेलं. तेरा वर्षांनी विमानतळाने ते हलवायला सांगितलं तेव्हा उलगडा झाला. नोव्हेंबर २०२५मध्ये ते रस्त्याने बेंगळुरूकडे गेलं, विमान-अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी. भंगारापेक्षा हे कितीतरी बरं. पण साडेतीस मीटरचं विमान विसरलं जाऊ शकतं, हे आपल्याकडच्या जपणुकीचं खरं माप आहे. त्याच एअर इंडियाने अर्धशतक जमवलेल्या हजारो कलाकृती खासगीकरणानंतर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेल्या आणि ते योग्यच झालं. चित्रांना संग्रहालय मिळालं. ज्या विमानांच्या जिवावर ती चित्रं घेतली गेली, त्यांच्यासाठी तसा विचार झाला नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय १९९८पासून आहे आणि मुलं तिथून हलत नाहीत. प्रवासी विमानांचं तसं काही आपल्याकडे नाही.

म्हणून कपाटं महत्त्वाची. या छंदाचं मूळ तिकिटांच्या दुकानात आहे. पन्नास ते सत्तरच्या दशकांत विमान कंपन्या आपल्या एजंटांना दुकानाच्या काचेत ठेवायला मोठाल्या प्रतिकृती देत. काहींचं एक अंग कापलेलं असे आणि आत खुर्च्यांच्या रांगा, खानपानाची जागा, सगळं दिसे. हॉलंड, इंग्लंड आणि कॅलिफोर्नियातल्या कारागिरांनी हा धंदा मोठा केला. दुकानं बंद पडली, काच फुटली, पंख मोडले, आणि उरल्या त्या प्रतिकृती आज लिलावात जातात. लाकडी प्रतिकृतींचा मोठा बाजार फिलिपिन्सचा. तिथल्या अमेरिकी हवाईतळाच्या आसपास महोगनी कोरून विमानं करणारी अख्खी वस्ती वाढली. धातूच्या छोट्या प्रतिकृती आता बहुतेक सगळ्या चीनमध्ये ओतल्या जातात. एअर इंडियाच्या झरोक्यांचा ठसाही तिथेच उमटतो.

भारतात त्या मागवणं सोपं राहिलेलं नाही. २०२०मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३मध्ये ७०. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मापाबरहुकूम प्रतिकृती खेळण्यांच्याच रकान्यात मोडतात. त्यामुळे चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाती कधीच न देण्याची वस्तूही बाहुलीच्या दराने कर भरते. आलीच, तर ती टिकवायची कशी हा पुढचा प्रश्न. बनारससारख्या गावात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, पावसाळ्यात गंगेची ओल घराघरात शिरते आणि धूळ बारमाही. पश्चिमेच्या खिडकीसमोर शोकेस ठेवलं की लाल रंग आधी उडतो, मग पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. धातूत भेसळ असेल तर जुनी प्रतिकृती आतून भेगाळत जाते आणि एक दिवस चाकं निखळतात. याला उपाय नाही. एक चूक मात्र आपल्याच घरांतली आहे आणि ती टाळता येते. कपाटात सवयीने डांबराच्या गोळ्या टाकल्या जातात. त्यांची वाफ पॉलिस्टायरीन प्लास्टिक मऊ करते. साड्यांना जे वाचवतं ते विमानाला खातं. तिथे सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी आणि कापड लावूच नये, कारण अँटेना पहिल्यांदा त्यातच अडकून तुटते.

आता ज्यासाठी मी हा लेख बनारसवर लिहायला घेतला तिकडे येतो. मापात लहान करण्याची कला या गावाला नवी नाही. काशी विद्यापीठाच्या आवारातल्या भारतमाता मंदिरात मूर्ती नाही. संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा हीच तिथली देवता. शिवप्रसाद गुप्त यांनी तो करवून घेतला आणि १९३६मध्ये गांधीजींनी मंदिराचं उद्‌घाटन केलं. नकाशाची कल्पना गुप्तांना सुचली ती पुण्याजवळ हिंगण्याला धोंडो केशव कर्व्यांच्या आश्रमात, जमिनीवर मातीने केलेला भारताचा नकाशा पाहून. हिंगण्याच्या अंगणातली माती काशीत जाऊन संगमरवर झाली, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं. अशा नकाशात डोंगरांची उंची वाढवून घ्यावी लागते, नाहीतर एवढ्या पसाऱ्यात हिमालय बोटभरही उरणार नाही. विमानात ती मुभा नाही.

आणि दुसरी कला खरादाची. खोजवाँ आणि कश्मीरीगंज या मोहल्ल्यांत लाकडी खेळण्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. सिंदूरदाण्या, भातुकली, पक्षी, देवदेवतांचे संच, बुद्धिबळाच्या सोंगट्या. लाकूड कोरैयाचं. आपला पांढरा कुडा तो हाच. पांढरं, मऊ, तंतू बारीक, आणि फिरत्या खरादावर पटाशी लावली की सालपटं सलग निघतात. आकार आला की रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने घोटलं की जी झळाळी येते ती कुठल्याच डब्यातल्या रंगाला येत नाही. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीने जगवलेली लाकडी खेळण्यांची कला याच कुळातली. बनारसच्या या कामाला भौगोलिक मानांकन आहे. गोदावरी सिंह या खेळणी-कारागिराला २०२४ची पद्मश्री मिळाली. २०२१च्या खेळणी मेळ्यात पंतप्रधान ज्या कारागिरांशी बोलले त्यांत चन्नपट्टण आणि जयपूरबरोबर वाराणसीचेही होते. त्याच वर्षी खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट मिळाली. चिनी प्रतिकृतीपुढे भिंत घालणाऱ्या धोरणाने खोजवाँच्या खरादाला दार उघडं ठेवलं. त्या दारातून आपली विमानं बाहेर यावीत असं मला मनापासून वाटतं.

भाबडेपणाने म्हणत नाही. खराद काय करू शकतो आणि काय नाही याचा हिशेब मांडून म्हणतो. खराद गोल वस्तू करतो. पंख त्यावर होत नाहीत, ते फळीतून कापून घासावे लागतील. ७४७ अवघड आहे, कारण त्याच्या डोक्यावरचा उंचवटा हाताने कोरावा लागेल. ७०७ वरवर गोल वाटतं. आडवा छेद घेतला तर तिथे दोन वर्तुळं एकावर एक बसवलेली आहेत. शिवाय १:१०० मापात ते ४६ सेंटिमीटर लांब आणि चारच सेंटिमीटर जाड होतं. इतका लांब, बारीक दांडा खरादावर लवतो आणि थरथरतो, तेव्हा नाक, मधला भाग आणि शेपूट वेगवेगळे करून जोडणं बरं.

सुरुवात कॅराव्हेलने करावी. हे फ्रेंच जेट साठच्या दशकात इंडियन एअरलाइन्सकडे आलं, कंपनीचं पहिलं जेट. त्याचं अंग खरोखर वर्तुळाकार आहे. १:१०० मापात ३२ सेंटिमीटर लांब, सव्वातीन जाड. दोन्ही इंजिनं शेपटीशी, पंख मोकळे, म्हणजे इंजिनंही खरादावरच उतरतील. नाक आणि कॉकपिट ब्रिटिश कॉमेटवरून घेतलेलं. हेच ते कॉमेट, ज्याने २ मे १९५२ला जगातली पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ला, कलकत्त्याहून निघालेलं एक कॉमेट वादळात मोडून पडलं आणि ४३ जण गेले. पुढच्या वर्षी आणखी दोन गेली तेव्हा धातूचा थकवा ही गोष्ट अभियंत्यांनी शिकून घेतली. कॅराव्हेलच्या खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणी आहेत. त्या चुकल्या तर ते कॅराव्हेल नाही.

खरी अडचण रंगाची आहे. खरादावर लाखेचा पट्टा वस्तूभोवती कड्यासारखा चढतो. विमानाचा पट्टा नाकापासून शेपटीपर्यंत, खिडक्यांच्या रांगेतून लांबच लांब जातो. तो खरादावर निघत नाही. अंगावर पांढरी लाख खरादाने, शेपटीचा रंग आणि पट्टा कुंचल्याने, अशी कामाची वाटणी करावी लागेल. बनारसमध्ये खेळण्यांचे डोळे, ओठ, मुकुट रंगवणारे हात त्याच गल्ल्यांत आहेत. एका रेषेत खिडक्यांची रांग ओढणं त्यांना जमणार नाही असं मला वाटत नाही. नसेलच जमत तर खिडक्यांचा छापील कागद चिकटवावा. धातूच्या प्रतिकृतीची बारकाई लाकडाला येणार नाही हे मान्यच आहे. फिलिपिन्सच्या महोगनीलाही ती येत नाही आणि तरी ती विमानं जगभर टेबलांवर उभी आहेत.

मागणी नाही, असं कुणी म्हणेल. जालंधरजवळच्या तल्हणला बाबा निहालसिंगांचा गुरुद्वारा आहे. परदेशी जायला मिळावं म्हणून लोक तिथे खेळण्यातली विमानं वाहतात. बाहेरच्या दुकानांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या रंगातली विमानं टांगलेली असतात. तो नवसाचा बाजार. पण विमान हातात धरावंसं वाटणं किती खोल आहे ते त्यावरून कळतं. बाबतपूरच्या विमानतळावर, ज्याला २००५मध्ये लालबहादूर शास्त्रींचं नाव मिळालं, आता वर्षाला लाखो प्रवासी येतात. त्यांत मुंबई-पुण्याची आपली माणसंही खूप. परतताना पेढे, बनारसी शेला, गंगाजल घेतात. त्यांच्यापुढे कुड्याच्या लाकडातलं, लाखेने चकाकणारं, नारिंगी शेपटीचं ७३७ ठेवलं तर ते घेणार नाहीत?

त्यासाठी लागतील त्या गोष्टी फार नाहीत. विमानाच्या तीन बाजूंचा खरा आराखडा, तोही मिलिमीटरमध्ये. पंखांचा कोन चुकू नये म्हणून एक लाकडी साचा. बोधचिन्ह वापरायची एअर इंडियाची लेखी परवानगी, कारण इंडियन एअरलाइन्सचा वारसा आता तिच्याकडे आहे. आणि कारागिराला त्याच्या वेळेचा दाम. सिंदूरदाणीच्या भावात विमान मागितलं तर तो पुन्हा सिंदूरदाणीच करेल आणि त्याचं बरोबरच असेल. पहिली पन्नास कॅराव्हेल कुणीतरी आगाऊ पैसे भरून मागवायला हवीत. पुण्या-मुंबईतल्या जमवणाऱ्यांनी एकत्र येऊन ती मागणी नोंदवली तर खोजवाँतल्या एखाद्या खरादावर पुढच्या दिवाळीच्या आत ती तयार होऊ शकतात. माझं एक त्यात धरा.